तीन आट्यांची ताकद

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या नवी गाडी घेऊन गावी आला. नवी म्हणजे त्याच्यासाठी नवी, तशी चार वर्षं वापरलेली. छोटं पेट्रोल इंजिन आणि त्याला टर्बो. फराळ झाल्यावर तो मला हळूच अंगणात घेऊन गेला, बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही इतकी वर्षं गॅरेज चालवलंत. टर्बोचा बूस्ट वाढवायचा एखादा स्वस्तातला उपाय सांगा ना. मित्र म्हणतो, सातशे रुपयांचा एक कॉक बसवला की गाडी उडते."

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. कारण हा प्रश्न पूर्वी एकदा मला एकाने विचारला होता, आणि तेव्हा मी लगेच उत्तर दिलं होतं. त्या उत्तराची गोष्ट मी शेवटी सांगणार आहे. त्याआधी या बूस्टची कुळकथा सांगतो. ती मोठी रंजक आहे आणि फारशी कुणी सांगत नाही.

इंजिनाला जेवण दोन गोष्टींचं लागतं, इंधनाचं आणि हवेचं. आपण पेट्रोल-डिझेलचा हिशेब ठेवतो, कारण त्याचे पैसे मोजतो. हवा फुकट म्हणून तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. पण इंजिनाची खरी अडचण हवेचीच असते. इंधन हवं तितकं ओतता येतं; ते जाळायला पुरेशी हवा नसेल, तर काळा धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर जातं. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढीच घेतं. महाबळेश्वराच्या उंचीवर गेलात की हवा समुद्रकाठच्या मानाने साधारण सातव्या हिश्श्याने विरळ होते आणि इंजिनाची ताकदही त्याच मापाने घटते. घाट चढताना गाडी दमते, त्यात चढाचा वाटा असतो तसा या विरळ हवेचाही असतो.

मग हवा कोंबायची कशी? पंप लावून. तो पंप इंजिनानेच पट्ट्यावर फिरवायचा, ही एक रीत. त्याला सुपरचार्जर म्हणतात. पण त्यात इंजिनाची थोडी ताकद पंप फिरवण्यातच खर्च होते. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावच्या आल्फ्रेड ब्यूशी या तरुण इंजिनिअरच्या मनात वेगळाच विचार आला. इंधनातून मिळालेल्या उष्णतेचा मोठा भाग धुराबरोबर वाया जातो. मग त्या धुराच्या झोतावरच एक चक्र फिरवावं, आणि त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हवा कोंबणारं चक्र बसवावं. १९०५ साली त्याने या कल्पनेचं जर्मन पेटंट घेतलं. तेव्हा तो फक्त सव्वीस वर्षांचा होता. टर्बोचार्जरचा जन्म हाच.

कल्पना साधी, पण धातू साथ देत नव्हते. लालबुंद धुरात हजारो फेऱ्यांनी फिरणारं चक्र टिकेल, असं पोलाद तेव्हा मिळत नव्हतं. ब्यूशीला जवळजवळ वीस वर्षं वाट पाहावी लागली. १९२३ साली जर्मन सरकारने 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' अशी दोन प्रवासी जहाजं बांधायला दिली. त्यांच्या दहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांना ब्यूशीचे टर्बो लागले आणि १७५० अश्वशक्तीचं इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागलं. सिलिंडर तेच आणि तेवढेच, ताकद मात्र दीडपटीच्या आसपास. बाकी सगळी करामत वाया जाणाऱ्या धुराची.

दरम्यान पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं. विमानं जितकी उंच जातील तितकी शत्रूच्या गोळीपासून दूर, पण उंचावर हवा विरळ, म्हणून इंजिन मरगळणार. फ्रान्समध्ये ऑग्यूस्त रातो या शास्त्रज्ञाने विमानाच्या इंजिनावर टर्बो बसवून पाहिला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस या इंजिनिअरने हेच काम हाती घेतलं. टर्बोमुळे उंचावर ताकद टिकते हे सिद्ध करायचं, पण आकाशात मोजमाप करणार कसं? मॉसने इंजिनच डोंगरावर नेलं. १९१८ साली लिबर्टी नावाचं बारा सिलिंडरचं विमानाचं इंजिन एका ट्रकवर लादून कोलोराडोतल्या पाइक्स पीक या शिखरावर चढवलं. उंची चौदा हजार फुटांच्या वर. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर गेल्यावर टर्बोविना २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर आकडा निघाला ३५६. डोंगराने हिरावून घेतलेलं सगळं टर्बोने परत दिलं, वर सहाची भर घालून.

दोन वर्षांनी, २७ फेब्रुवारी १९२० रोजी, मेजर रुडॉल्फ श्रोडर हा वैमानिक असाच टर्बो लावलेलं विमान घेऊन ३३ हजार फुटांवर गेला. इंजिन चालत राहिलं, पण वैमानिकाचा प्राणवायू संपला. कडाक्याच्या थंडीत त्याचे डोळे गोठले, शुद्ध हरपली आणि विमान कित्येक मैल दगडासारखं खाली आलं. जमिनीजवळच्या दाट हवेत त्याला शुद्ध आली आणि त्याने विमान सुखरूप उतरवलं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते ती एवढ्यासाठी की, टर्बोच्या इतिहासात पहिल्यापासून हेच घडत आलंय. यंत्राचा एक भाग आपण पुढे नेतो, आणि दुसरा भाग, कधी माणूसच, मागे राहतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ सारखी बॉम्बफेकी विमानं टर्बोच्या जोरावरच एवढ्या उंचीवरून उडत होती. युद्ध संपलं आणि टर्बो हळूहळू जमिनीवर उतरला. १९५२ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतीत कमिन्स कंपनीने डिझेल इंजिनाची टर्बो लावलेली गाडी उतरवली. ट्रकचं इंजिन शर्यतीत, म्हणून लोक हसले असतील. पण फ्रेड अगाबाशियनने पात्रता फेरीत पहिली जागा पटकावली. शर्यतीत मात्र एकाहत्तराव्या फेरीला गाडी थांबली. रस्त्यावर उडणारे टायरच्या रबराचे कण टर्बोच्या तोंडात जाऊन त्याचा श्वास कोंडला होता. हवा घेण्याचं तोंड फार खाली ठेवलं होतं, एवढीच चूक.

आपल्याकडे मोठा टर्बो पहिल्यांदा असंख्य लोकांनी पाहिला, म्हणजे ऐकला, तो रेल्वेत. १९६२ पासून अमेरिकेतल्या अल्को कंपनीची डिझेल इंजिनं भारतात आली आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यात तशीच तयार होऊ लागली. डब्ल्यूडीएम-२ या नावाने ओळखलं जाणारं हे २६०० अश्वशक्तीचं इंजिन स्टेशनातून निघताना भकाभका काळा धूर सोडायचं. तेव्हा वाटायचं, इंजिन जुनं झालंय. खरं कारण वेगळं होतं. ड्रायव्हरने हँडल पुढे सरकवलं की डिझेल ताबडतोब वाढतं, पण टर्बोचं जड चक्र वेग घ्यायला वेळ लावतं. तेवढ्या वेळात डिझेल जास्त आणि हवा कमी, म्हणून काळा धूर. टर्बोने एकदा वेग घेतला की धूर विरतो आणि बारीक शीळ ऐकू येते. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तेव्हापासून २०२२ साली तिथलं विद्युतीकरण पुरं होईपर्यंत डिझेलची इंजिनंच सह्याद्रीच्या बोगद्यांतून धावत होती. ही शीळ तिथल्या प्रवाशांच्या कानात अजून असेल.

मोटारीकडे टर्बो आला १९६२ साली, आणि येताना फजितीच घेऊन आला. अमेरिकेतल्या ओल्ड्समोबाइल कंपनीने 'जेटफायर' नावाची गाडी काढली. साडेतीन लिटरचं इंजिन आणि २१५ अश्वशक्ती. पण पेट्रोल इंजिनाला एक दुखणं असतं. हवा दाबली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो तसं. तापलेल्या हवेत पेट्रोल मिसळलं की ठिणगीची वाट न पाहता मिश्रण कुठेतरी स्वतःच भडका घेतं. इंजिनातून टकटक आवाज येतो. त्याला आपण नॉकिंग म्हणतो. हा आवाज म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर बसणारे हातोड्याचे घाव. ते चालूच राहिले तर पिस्टनचा काठ फुटतो, कधी त्याला वितळून भोक पडतं.

जेटफायरच्या इंजिनिअरांनी यावर उपाय काढला. डिस्टिल्ड वॉटर आणि मेथॅनॉल यांचं मिश्रण एका वेगळ्या टाकीत भरायचं आणि बूस्ट वाढला की त्याचा फवारा आत सोडायचा. पाण्याने हवा थंड होते, नॉकिंग टळतं. कागदावर सगळं बरोबर होतं. पण लोक त्या टाकीत पाणी भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी होई आणि मालक तक्रार करत की गाडी ओढत नाही. दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास गाड्या विकून कंपनीने हा प्रयोग गुंडाळला. पुढे तर कित्येक गाड्यांचा टर्बो काढून कंपनीनेच साधा कार्ब्युरेटर बसवून दिला.

इथे बूस्ट ताब्यात ठेवणाऱ्या भागाची ओळख करून देतो, कारण आपली सारी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. टर्बोला मोकळं सोडलं तर इंजिन जास्त धूर देईल, धुराने टर्बो जास्त फिरेल, जास्त फिरला की जास्त हवा, आणि जास्त हवेने पुन्हा जास्त धूर. हे चक्र थांबायला हवं. म्हणून धुराच्या वाटेवर एक चोरदरवाजा ठेवतात. त्याला म्हणतात वेस्टगेट. दाब ठरावीक मर्यादेवर गेला की हा दरवाजा उघडतो आणि जादा धूर टर्बोला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातो.

दरवाजा उघडतो कोण? एक डबी असते, वाटीएवढी. आत रबरी पडदा आणि त्याला रेटून धरणारी स्प्रिंग. टर्बोने दाबलेल्या हवेची एक बारीक नळी या डबीला येते. दाब वाढला की पडदा स्प्रिंगला मागे रेटतो, पडद्याला जोडलेला दांडा सरकतो आणि दरवाजा किलकिला होतो. ना वीज, ना संगणक. एक स्प्रिंग, एक पडदा, एक नळी.

आता स्वस्तात बूस्ट वाढवण्याचे जगभरातले जेवढे म्हणून उपाय आहेत, ते बहुतेक सगळे या डबीला फसवण्याचे आहेत. पहिला, दांड्याच्या टोकाचे आटे फिरवून दांडा आखूड करायचा, म्हणजे दरवाजा जास्त घट्ट बसतो आणि उशिरा उघडतो. खर्च शून्य, फक्त एक पाना. दुसरा, नळीत एक 'टी' जोडून थोडी हवा बाहेर सोडायची, म्हणजे डबीला खऱ्यापेक्षा कमी दाब कळतो. परदेशात हौशी पोरांनी यासाठी काय वापरलं असेल? शोभेच्या माशांच्या टाकीत हवेचे बुडबुडे कमी-जास्त करायला जो चिमुकला कॉक असतो, तो. तिसरा, नळीत स्प्रिंग आणि छर्‍याची झडप बसवायची, म्हणजे ठरावीक दाब येईपर्यंत डबीला काही कळतच नाही. माझ्या पुतण्याचा सातशे रुपयांचा कॉक या दोनांपैकीच एक. चौथा उपाय नळीच उपटून टाकण्याचा. तो मूर्खपणाचा, कारण मग दरवाजा कधी उघडतच नाही.

ही फसवाफसवी गल्लीतल्या गॅरेजपुरती होती असं मात्र समजू नका. तिचा सर्वांत श्रीमंत अवतार फॉर्म्युला वनच्या शर्यतींत दिसला. १९६६ पासून तिथे नियम होता की साधं इंजिन तीन लिटरचं चालेल, पण हवा कोंबणारं असेल तर दीड लिटरचंच. दीड लिटरच्या इंजिनाने तीन लिटरवाल्यांना हरवता येईल असं अकरा वर्षं कुणालाच वाटलं नाही. १९७७ साली सिल्व्हरस्टोनला रेनॉ कंपनीने टर्बोची पिवळी गाडी उतरवली. ती इतक्या वेळा वाफ सोडत बंद पडली की प्रतिस्पर्ध्यांनी तिचं नाव 'पिवळी किटली' ठेवलं. पण रेनॉने चिकाटी सोडली नाही. १९७९ साली फ्रान्समधल्या दिझाँला झाँ-पियेर झाबुईने त्या टर्बोवर शर्यत जिंकली. हसणारे सगळे मग टर्बोमागे धावले. १९८३ साली नेल्सन पिके बीएमडब्ल्यूच्या टर्बो इंजिनावर जगज्जेता झाला.

त्या बीएमडब्ल्यू इंजिनाची गंमत अशी की त्याचा मूळ ठोकळा रस्त्यावरच्या साध्या चार सिलिंडरच्या गाडीचा होता. पाउल रोशे या इंजिनिअरने तर हजारो किलोमीटर चाललेल्या गाड्यांचे जुने ठोकळेही वापरले. वर्षानुवर्षं तापून-निवून त्यांच्यातले ताण निघून गेलेले असतात, म्हणून. १९८६ पर्यंत पात्रता फेरीपुरता वातावरणाच्या पाचपटीहून अधिक दाब या इंजिनात कोंबला जाऊ लागला. वेस्टगेट चक्क पट्टी ठोकून बंद करायचे. दीड लिटरमधून तेराशेच्या आसपास अश्वशक्ती निघते, असा अंदाज होता. अंदाजच, कारण त्यांच्या मोजणीयंत्राचा काटा तिथवर जातच नव्हता. अशी इंजिनं मोजक्या फेऱ्यांनंतर भंगारात जात. अखेर नियम करणाऱ्यांनी १९८७ साली दाबावर चार बारची मर्यादा घातली, १९८८ साली ती अडीच बारवर आणली आणि १९८९ पासून टर्बोवर बंदीच घातली. ती बंदी उठून टर्बो परत आला २०१४ साली.

रॅलीच्या शर्यतींत तर फसवणुकीची कमाल झाली. तिथे टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटर भोकाची चकती बसवायचा नियम होता, म्हणजे हवा मर्यादित राहील. १९९५ साली स्पेनमधल्या कॅटालुन्या रॅलीत टोयोटाच्या गाड्यांची ही चकती तपासली गेली. नळी जोडून क्लिप घट्ट केली की आतली स्प्रिंग दबून चकती काही मिलिमीटर सरके आणि बाजूने जादा हवा आत जाई. तपासायला नळी सोडवली की चकती पुन्हा जागच्या जागी. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं नियमात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अध्यक्षांनीही या कारागिरीची तारीफ केली, आणि बारा महिन्यांची बंदी घातली. दोन्ही एकाच श्वासात.

या सगळ्या धामधुमीत एक शांत शोध स्वीडनमध्ये लागला, आणि माझ्या मते टर्बोच्या इतिहासातला तोच सर्वांत शहाणा शोध. १९७३ साली बीएमडब्ल्यूने आणि पुढच्या वर्षी पोर्शने टर्बोच्या गाड्या आणल्या होत्या, पण त्या वेगाच्या शौकिनांसाठी. साब या कंपनीने १९७७ साली '९९ टर्बो' ही घरगुती वापराची गाडी दाखवली. तिथला इंजिनिअर पेर गिलब्राँड याच्यापुढे प्रश्न होता तो नॉकिंगचा. पेट्रोल चांगलं असेल तर इंजिन जास्त बूस्ट सहन करतं, वाईट असेल तर कमी. मग स्प्रिंग कशाला जुळवायची? चांगल्या पेट्रोलला की वाईट? कारखाने अर्थातच वाईटाला जुळवत आणि चांगल्या पेट्रोलची ताकद वाया जाई.

गिलब्राँडने इंजिनाला कान दिला. ठोकळ्यावर एक छोटा संवेदक बसवला, जो टकटक ऐकतो. आणि त्या डबीच्या नळीत बसवली विजेवर उघडझाप करणारी एक झडप. टकटक नसेल तर झडप नळीतली थोडी हवा बाहेर सोडते, डबीला कमी दाब कळतो, बूस्ट वाढतो. टकटक ऐकू आली की झडप मिटते, बूस्ट लगेच उतरतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत साबच्या गाड्यांत आली. आज बहुतेक सगळ्या पेट्रोल टर्बोंत हीच कल्पना संगणकाच्या रूपात असते.

आता नीट पाहा. नळीतून थोडी हवा सोडून डबीला फसवणं ही तर माशांच्या टाकीच्या कॉकचीच युक्ती! कारखान्याने तीच केली. फरक एवढाच की कारखान्याच्या कॉकला कान आहे आणि आपल्या कॉकला नाही. आपला कॉक बहिरा आहे. पेट्रोल भेसळीचं असो, उन्हाळा बेचाळीस अंशांचा असो, रेडिएटर अर्धा तुंबलेला असो, तो एकच काम जाणतो. हवा सोडत राहायचं.

आणि इथेच मी माझी गोष्ट सांगायला हवी.

२००१ सालची गोष्ट. माझा मेहुणा तेव्हा पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावर वडापची जीप चालवायचा. टर्बो डिझेलची, हप्त्यावर घेतलेली. आंबेनळी घाटात भरल्या गाडीला ओढ कमी पडते, फेऱ्या कमी होतात, हप्ता थकतो, असं त्याचं गाऱ्हाणं. एका संध्याकाळी तो गॅरेजमध्ये आला आणि म्हणाला, "दाजी, काहीतरी करा. पण खर्च नको." मी दहा नंबरचा पाना घेतला, वेस्टगेटच्या दांड्याचे तीन आटे फिरवले. डिझेल इंजिनात नुसत्या हवेने भागत नाही, म्हणून पंपाचं सील तोडून त्याचाही स्क्रू थोडा वाढवला. दहा मिनिटांचं काम. चहा पाजून त्याने माझी मजुरी भागवली. आणि खरंच सांगतो, गाडी पळायला लागली. दोन महिने तो येता-जाता माझं कौतुक करायचा. त्याने आणखी दोन गिऱ्हाइकं पाठवली. त्यांचेही आटे मी फिरवले.

पावसाळ्याच्या तोंडाला मीच त्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून पोलादपूरहून वर येत होतो. गाडीत आम्ही धरून अकरा माणसं, त्यात एक बाळंतीण आणि तिचं मूल. अर्धा घाट चढल्यावर टर्बोची शीळ अचानक किंचाळीसारखी झाली. मागे पांढरा-निळा धूर इतका उठला की रस्ता दिसेना. मेहुण्याने ॲक्सिलरेटर सोडला, इंजिन आणखी चढलं. त्याने क्लच दाबला तर ते किंकाळी फोडायला लागलं. चावी बंद केली. इंजिन बंद झालं नाही. चावी हातात आणि इंजिन चालूच, असं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

काय झालं होतं ते मला त्या क्षणी कळलं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो आणि फक्त तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. मी त्याला दोन महिने ठरल्यापेक्षा जास्त फिरवलं होतं आणि जास्त तापलेल्या धुरात ठेवलं होतं. त्याचं बेअरिंग झिजलं, सील गेलं आणि इंजिनाचं स्वतःचं तेल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये जाऊ लागलं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. मिळेल ते तेल ते जाळतं. पंपाने डिझेल तोडलं तरी ते स्वतःचं तेल पिऊन धावत होतं.

"चौथा टाक, ब्रेक दाबून ठेव आणि क्लच सोड!" मी ओरडलो. त्याने टाकला. गाडीने एक जबरदस्त हिसका दिला आणि इंजिन मेलं. दोघांनी उड्या टाकून चाकांमागे दगड लावले. डाव्या हाताला दरी होती. कुणाला खरचटलंही नाही, पण ती बाळंतीण मुलाला छातीशी धरून रस्त्याच्या कडेला बसली होती आणि तिचे हात थरथरत होते. तिने मला विचारलं, "गाडी कशानं बिघडली हो?" मी म्हणालो, "टर्बो गेला." तीन आट्यांचं मी काही बोललो नाही. मेहुण्यालाही ते समजायला उशीर लागला नाही. तोही तिथे काही बोलला नाही. टर्बो आणि इंजिनाच्या कामात त्याचे सहा महिन्यांचे हप्ते गेले. अर्धे मी भरले. दुसऱ्या दिवशी त्या दोन गिऱ्हाइकांना शोधून त्यांच्या गाड्यांचे आटे पूर्ववत केले आणि पंप सील केले.

कुणी म्हणेल, टर्बो एरवीही जातात. जातात. पण मी फिरवलेल्या आट्यांचा त्यात वाटा नव्हता, असं मी स्वतःला कधी पटवू शकलो नाही. कारखान्याने ती स्प्रिंग जुळवताना जी शिल्लक ठेवलेली असते, ती आपल्याला फुकट पडून राहिलेली वाटते. ती फुकट नसते. ती उन्हाळ्यासाठी असते, भेसळीच्या इंधनासाठी असते, अकराव्या प्रवाशासाठी असते. ती आपण आजच खर्च केली, तर त्या दिवशी गाठीला काही उरत नाही.

हे सगळं पुतण्याला सांगितलं. तो गप्प झाला, पण चेहरा पडला होता. मग मी म्हटलं, "बूस्ट वाढवायचा एक स्वस्त उपाय आहे. आण साबणाचं पाणी." त्याला वाटलं, काका चेष्टा करतायत. मी एअर फिल्टर काढला. चार वर्षांत बहुधा बदलला नसावा, धुळीने गच्च. टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या जाड रबरी नळ्यांना साबणाचा फेस लावला, हवा भरायच्या पंपाने आत थोडा दाब दिला, आणि एका वळणावर फेसाचे बुडबुडे यायला लागले. क्लिप ढिली होती आणि तिच्याखाली बोटभर चीर. टर्बो बिचारा हवा कोंबत होता आणि ती वाटेतच निसटत होती. चीर टोकाशी होती, म्हणून तेवढं टोक कापून नळी नव्या क्लिपने आवळली. क्लिप चाळीस रुपयांची. फिल्टर नवा टाकला, तेल बदललं. टर्बोला तेल वेळेवर आणि चांगलं लागतं, आणि लांबच्या वेगाच्या प्रवासानंतर इंजिन बंद करण्याआधी मिनिटभर शांत चालू ठेवावं लागतं, म्हणजे तापलेल्या दांड्यावरचं तेल जळून कोळसा होत नाही, हेही त्याला सांगितलं.

त्याला कायद्याचंही कानावर घातलं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीपुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. अशा बदलानंतर वॉरंटी आणि विमा यांचं काय होतं, तेही त्याने विचारून घ्यावं. शिवाय आजच्या गाडीचा संगणक साधा नाही. त्याला न विचारता कॉक बसवला, तर जादा दाब ओळखून तो ताकद उतरवतो आणि गाडी बैलगाडीसारखी चालायला लागते. सातशे रुपये घालून बैलगाडी घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

तो गाडी घेऊन फेरी मारायला गेला. अर्ध्या तासाने परत आला तेव्हा चेहरा उजळला होता. "काका, भारी ओढतेय!" म्हणाला. मी म्हटलं, "वाढवलं काहीच नाही. तुझंच होतं, ते गळत होतं."

त्याने कॉक घेतला की नाही, मी विचारलेलं नाही. मेहुणा आता वडाप करत नाही, त्याचा मुलगा ट्रॅव्हल्सची गाडी चालवतो. परवा लग्नात भेटला तेव्हा मेहुण्याने सगळ्यांसमोर त्याला बजावलं, "गाडीचं काही काम निघालं तर दाजींकडे ने. पण दहा नंबरचा पाना त्यांच्या हातात देऊ नको." सगळे हसले. मीही हसलो. त्या घाटातली ती बाई आणि तिचे थरथरणारे हात मात्र मला आठवले.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)